उजव्या कोपऱ्याचा मान

मानाच्या भिंतीची बैठक आमच्या पडवीत भरायला लागली तेव्हा मी त्या समितीत नव्हते. मी चहा होते. चहा आला की समिती गप्प व्हायची, कप उचलायची, ‘वैनी, साखर अगदी बरोबर हाय’ म्हणायची आणि मी आत वळले की परत भांडायला सुरुवात. त्यांची समजूत अशी की स्वयंपाकघरात काही ऐकू जात नाही. अहो, मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत बाई होते. फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावरची कुजबुज ऐकलेली बाई मी. पडवी म्हणजे काय, चार पावलांवर.

भांडण कशाचं, ते आधी सांगते. आमच्या खालापूर तालुक्यातल्या गावात मैदानाला लागून नवी व्यायामशाळा झाली. तिच्या आत एका भिंतीवर काळा कडप्पा बसवायचा आणि कर्जत-खालापूर पट्ट्यात मातीवर कबड्डी गाजवलेल्या जुन्या खेळाडूंची नावं त्यावर कोरायची, असं ठरलं. नावं निवडायला समिती नेमली. अध्यक्ष आमचे हे. बाकी तिघे यांचे मैदानावरचे जुने दोस्त आणि दुश्मन. एक माथेरानवाले, म्हणजे जन्मभर माथेरानच्या हॉटेलात नोकरी केलेले. दुसरे रसायनीवाले, केमिकल कंपनीतून रिटायर झालेले आणि मोहोपाड्यात घर बांधून राहिलेले. तिसरे कर्जतचे तांदळाचे व्यापारी, त्यांना सगळे तांदूळवालेच म्हणतात.

चौघेही चढाईवाले. दम घेऊन एकट्याने समोरच्या संघात शिरायचं, दोघातिघांना हात लावायचा आणि मिशीवर ताव देत परत यायचं, हा यांचा जन्मभराचा तोरा. त्यामुळे वरची नावं चुटकीसरशी ठरली. सगळी चढाईवाल्यांची. त्यातली चार कुणाची, ते तुम्ही ओळखलं असेलच. ‘आपलीच नावं आपणच कशी लावायची?’ असं रसायनीवाले एकदा म्हणाले खरे, पण इतक्या हळू म्हणाले की दुसऱ्यांदा म्हणावं लागू नये.

दगड मापाने आणलेला. तळाला एकाच नावाची जागा उरली. आणि त्या जागेसाठी कुणीतरी माझ्या दादाचं नाव काढलं.

माझा दादा, माझा सख्खा थोरला भाऊ, माहेरच्या संघाचा उजवा कोपरा. माहेर माझं कर्जतच्या बाजूला. कोपऱ्यातल्या माणसाकडे बघायला कुणी मैदानावर जात नाही. चढाईवाला आत शिरतो तेव्हा सगळं गाव त्याच्याकडे बघत असतं. कोपऱ्यातला आपला वाकून उभा. त्याचं काम एवढंच, की आलेल्याचा घोटा धरायचा आणि त्याचा दम संपेस्तोवर सोडायचा नाही. दादाने उमेदीची सगळी वर्षं हेच केलं. बोटं मोडली, जुळली, वाकडी जुळली. वहिनी सांगते, त्याला भाताची मूठ वळता येत नाही, पण घास सांडतही नाही.

आता यातली खरी गंमत. आमचं लग्नच त्या घोट्यापायी झालं. माहेरच्या जत्रेत कबड्डीचे सामने असायचे. यांचा संघ खेळायला आलेला. हे शेवटच्या चढाईला आत शिरले, दादाच्या कोपऱ्याकडे गेले आणि दादाने घोटा धरला. रेषेला हात लावायला यांनी अशी काही उडी घेतली की खांदाच निखळला. आमच्या आळीत हाडवैद्य होते. त्यांनी खांदा बसवला, पट्टा बांधला आणि पट्टा सुटेपर्यंत हलायचं नाही म्हणून बजावलं. मग हे राहिले आमच्याच घरी. आईने माझ्या हाती ताट देऊन पाठवलं. एका हाताने जेवणाऱ्या माणसाला भाकरी मोडून द्यावी लागते. पुढचं मी काय सांगू?

दादा तेव्हापासून म्हणायचा, ‘बहिणीसाठी नवरा पकडून आणला मी.’ आणि हे म्हणायचे, ‘पकडला बिकडला नाय, माझा पाय घसरला.’ लग्नात म्हणाले, बारशाला म्हणाले, मुलाच्या लग्नात व्याह्यांना बाजूला घेऊन म्हणाले. यांचा पाय घसरला हे आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या देवाइतकं पक्कं. दादा पुढे पुढे नुसता हसायला लागला. म्हणायचा बंद झाला.

तर समितीत दादाचं नाव निघालं आणि यांनी घसा खाकरला. मी आत भजी तळत होते, गॅस बारीक केला.

‘माझा मेहुणा हाय म्हणून मी बोलणार नाय,’ हे म्हणाले आणि पुढचा अर्धा तास बोलले. ‘चढाईचा गुण सगळ्यांना दिसतो. पकडीत चारचार जण अंगावर पडतात, त्यात याची कुठली आणि त्याची कुठली? आणि पकड होते कधी? चढाईवाल्यानं चूक केली तर. म्हंजे गुण चुकीचा. त्यात याचं काय कर्तब?’

‘लय वर्षं खेळला पण,’ तांदूळवाले म्हणाले.

‘लय वर्षं तर खांबपण उभा असतो मैदानात,’ हे म्हणाले आणि चौघे हसले.

‘राज्याच्या संघात कधी नव्हता,’ माथेरानवाले म्हणाले.

‘कप्तानबी नव्हता कधी,’ रसायनीवाले म्हणाले.

असं एकेक वजा करत गेले. भजी करपली. मी मुद्दाम तीच नेऊन ठेवली आणि त्यांनी ती ‘झकास’ म्हणत खाल्ली, यावरून त्यांचं लक्ष कुठे होतं ते कळावं.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन. वहिनी एरवी हळू बोलत नाही, त्या दिवशी कुजबुजत होती. ‘अगं, तुझ्या दादानं पांढरा सदरा शिवून आणलाय. कर्जतच्या टेलरकडनं. मला म्हणतात भाच्याच्या लग्नाला लागंल.’

दादाला भाचा एकच. तो माझा मुलगा आणि त्याला दोन पोरं आहेत.

‘रोज काढतात, आरशात बघतात आणि परत घडी करून ठिवतात,’ वहिनी म्हणाली. ‘कुणीतरी सांगितलंय त्यांना, दगडावर नाव येणार म्हणून. गं, येणार ना नक्की? नाय तर मी काय करू त्या माणसाचं?’

मी ‘येणार, येणार’ म्हटलं आणि फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली. दादाला जाऊन झोडावंसं वाटलं, की आधी सदरा कशाला शिवतोस मेल्या! पण आयुष्यात कधी काही मागितलं नाही त्याने. कपडे शिवायला टाकायचा तेही सणाला, वहिनीने मागे लागून. यांना सदऱ्याचं सांगावं असं दहादा मनात आलं, पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यांनी दया म्हणून नाव लावलं असतं आणि दादाला ते कधीतरी कळलंच असतं. दयेवर तो भिंतीकडे ढुंकूनही बघणार नाही, ओळखते मी त्याला.

पुढच्या बैठकीत यांनी नियम काढला. आपण फार न्यायाने वागतोय अशा आवाजात म्हणाले, ‘पकडीचा हिशोब कुणी ठेवलेला नाय. तेव्हा असं करू. ज्याला पकडला त्यानं सोता उठून सांगायचं, की मला यानं पकडला. तशी साक्ष निघाली तर नाव घालू.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. वा वा, बरोबर हाय, चोख हाय.

मी आत कपाळावर हात मारला. यांना कळत कसं नाही? अहो, कबड्डीतला चढाईवाला! सात जण उरावर बसलेले असतात, तोंडात माती असते, पंचाची शिटी वाजून जुनी झालेली असते, तरी खालून ओरडत असतो, ‘रेषेला बोट लागलं! बोट लागलं!’ हा प्राणी उभ्या जन्मात पकडलो गेलो म्हणून कबूल होतो का? असला नियम करायला चढाईवालेच बसले होते, म्हणून झाला.

मग मीच चहा-भज्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि नेहमीसारखी आत न जाता उंबऱ्यावर टेकले. ‘चला, साक्षी घेऊया की. माथेरानवाले भावोजी, तुम्हांला पकडलं होतं दादानं?’

‘मला?’ माथेरानवाले बशीत चहा ओतत म्हणाले. ‘छ्या! त्या दिशी माझ्या अंगात ताप होता वैनी. पकडला तो तापानं. पण ह्या रसायनीवाल्याला इचारा. ह्याला तर असा उचलला होता की चप्पल प्रेक्षकांत!’

‘चप्पल घालून कोण खेळतं रं?’ रसायनीवाले उसळले. ‘माझी चड्डीची नाडी सुटली होती. एक हात नाडीला, मग पकडणारच ना कुणीपण. खरा आपटला तो ह्यो तांदूळवाला. बाप रं! मला वाटलं गेला.’

तांदूळवाल्यांनी शांतपणे भजं संपवलं. त्या दिवशी सूर्य डोळ्यांवर होता, असं त्यांचं म्हणणं. सामना सकाळचा आणि तांदूळवाले पश्चिमेकडे तोंड करून खेळत होते, हे माथेरानवाल्यांनी लगेच दाखवून दिलं.

मी खुशीत. स्वतःचं कुणी कबूल करेना, पण दुसऱ्याचं सांगायला प्रत्येकाच्या तोंडाला पाणी. कुणाला कुठल्या गावी धरला, कोण कसा विव्हळला, कुणाची बायको कुंपणाबाहेरून शिव्या घालत होती, सगळं निघालं. बोलता बोलता रसायनीवाले म्हणून गेले, ‘खरं सांगू का वैनी, शेवटी शेवटी आमी त्याच्या बाजूला जायचोच नाय. डाव्या कोपऱ्याकडनं फिरून यायचो.’

‘का बरं?’

‘का म्हंजे? घोटा हाय की माझा, भाड्याचा हाय काय?’

‘ऐका हो अध्यक्ष!’ मी म्हटलं. ‘ज्याच्या वाऱ्यालाही तुमच्यासारखे वाघ उभे राहिले नाहीत, त्याच्या पकडी कमीच असणार ना?’

पण अध्यक्ष कसले वस्ताद! ‘ऐकीव साक्ष चालणार नाय,’ हे म्हणाले. ‘ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं.’

‘बरं. मग तुमचं सांगा.’

पडवीतले तिघेही यांच्याकडे बघायला लागले आणि तिघांच्याही मिशा हलायला लागल्या.

‘माझा पाय घसरला,’ हे म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

रात्री जेवताना मी यांना चटणी वाढली नाही. यांनी मागितली नाही. म्हणजे कळलं होतं.

मी मग वेगळी खेळी केली. थंडीचे दिवस, वालाच्या शेंगा भरलेल्या. यांना म्हटलं, रविवारी दुपारी परसात माठात शेंगा भाजू, पोपटी लावू, समितीला बोलवा आणि काय तो निकाल लावून टाका, नाव कोरणारा सोमवारी येतोय. पोपटी म्हटल्यावर आमच्याकडे माणूस कुठल्याही कामाला हो म्हणतो. पोपटी लावणार कोण, हे मी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही.

रविवारी बाराच्या सुमाराला दादा टेंपोतून उतरला. खांद्यावर शेंगांची पिशवी आणि काखेत भांबुर्डीच्या पाल्याचा भारा. अंगात जुनाच चौकड्यांचा शर्ट. गुडघे गेलेत त्याचे, चालताना डावीउजवीकडे कलतो. समितीने त्याला बघितलं आणि चौघांनी एकदम हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. दादाला कुणाचं काय. त्याने माठात पाला अंथरला, शेंगा भरल्या, मीठ-ओवा टाकला, मधे अंडी खोचली, वर पाला ठासला, माठ उपडा घालून भोवती पेंढा आणि गवऱ्या रचल्या आणि काडी लावली. यांना म्हणाला, ‘भावोजी, धूर येतोय, इकडं सरका.’ हे सरकले.

शेंगा निघाल्या, वाफाळत्या. सगळे गोल बसून सोलायला लागले. तोंडं भरलेली असली की माणसं जरा नरमतात म्हणून मी तेवढी वाट बघितली आणि मग सरळ विचारलं, ‘तळाचं नाव ठरलं का?’

सगळे शेंगांकडे बघायला लागले. शेवटी माथेरानवाल्यांनीच दगड मारला. ‘समोर बसलाय की. त्यालाच इचारू. काय रं दादा, तूच सांग खरं. अध्यक्षांना त्या जत्रेत तू पकडला होता का नाय?’

मला आता हा हो म्हणणार, हे नाही म्हणणार आणि माझ्या परसात या वयात हाणामारी होणार, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर जरा मजाही वाटली.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग यांच्याकडे. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला त्याच्याच घरी बसून कमीपणा आणत नाहीत. पण तेवढ्यापायी हा माणूस काय करेल, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

‘नाय,’ दादा म्हणाला. ‘मैदानावर पाणी जास्त मारलं होतं. भावोजींचा पाय घसरला. मी आपला बाजूला हुतो.’

आणि शेंगेवर फुंकर मारत बसला.

माझ्या हातात चुलीचा चिमटा होता. तो दादाच्या डोक्यात घालावा असं मनापासून वाटलं. अरे, सदरा शिवून बसलायस ना? कपाटात घडी करून ठेवलायस ना? आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव पुसतोस? कुणासाठी, तर या खोटारड्या माणसासाठी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या आणि ते धुराचं नव्हतं.

यांनी खूश व्हायला पाहिजे होतं. जन्मभर सांगितलेल्या गोष्टीला चार माणसांत पक्का साक्षीदार मिळाला, तोही खुद्द दादा. पण यांचा चेहरा लाल व्हायला लागला. कानापासून सुरू झाला आणि टकलापर्यंत गेला. हातातली शेंग यांनी जाळात फेकली.

‘काय बोलतोस रं?’ हे ओरडले. ‘घसरला? माझा पाय घसरला?’

‘तुमीच म्हणता की, भावोजी.’

‘मी म्हणीन! तू कशाला म्हणतोस? पाय घसरायला मी काय नवशिका होतो? अरं, त्या वर्षी या पट्ट्यात कुणी माझ्या अंगाला हात लावला नव्हता. आणि तू म्हणतोस पाय घसरला? पाण्यानं बाद झालो मी? पाण्यानं?’

आणि हे उठले. थांबवायच्या आत परसातल्या मोकळ्या जागेत आले, काठीने मातीत रेषा ओढली आणि धोतर सावरत चक्क पालथे झाले. ‘ही रेषा. हा माझा हात. एवढं राहिलं होतं, एवढंच. ये इकडं दादा. धर घोटा. दाखव ह्या शहाण्यांना.’

‘नको भावोजी, खांदा दुखंल.’

‘धर म्हणतो ना!’

दादा उठला. गुडघे कडकड वाजले. तो मातीत बसला, कलंडला आणि त्याने आपल्या वाकड्या बोटांनी यांचा घोटा धरला. यांनी रेषेकडे जोर लावला. मी म्हटलं, आता सोडेल, म्हाताऱ्याची बोटं ती. हे इंचभरही सरकले नाहीत. परत जोर लावला. तोंड लाल, शर्टाचं बटण तुटलं, पालथ्या पोटाखाली भांबुर्डीचा पाला चुरगळला. बोट आणि रेषा यांच्यात वीतभर अंतर होतं ते तेवढंच राहिलं. माथेरानवाले उभे राहिले. तांदूळवाल्यांनी नकळत ‘कबड्डी कबड्डी’ सुरू केलं.

‘बघा!’ हे मातीतून ओरडले. ‘बघा रं! असा धरला होता ह्यानं मला. जन्मात मला कुणी एवढं घट्ट धरलं नाय!’

‘अहो, मी इथंच उभी आहे, बरं का!’ मी म्हटलं.

रसायनीवाल्यांना ठसका लागला. हसू सगळीकडून फुटलं, यांचं तर मातीत तोंड खुपसून. मला वाटलं झालं, संपलं. दादा मात्र हसत नव्हता. घोटा धरून तो तसाच बसला होता, मान खाली. मग अगदी हळू, एखाद्या शाळकरी पोराने बाईंना विचारावं तसं त्याने विचारलं.

‘मग लागंल का माझं नाव?’

हसू थांबलं. माथेरानवाल्यांनी तोंड फिरवलं. हे पालथेच होते, पण आवाज एकदम बदलला यांचा.

‘लागंल रं. तुझं नाय लागलं तर माझंबी लावणार नाय.’

तेव्हा कुठे दादाने घोटा सोडला.